घरी सोडल्यानंतर

दादाला घरी सोडलं त्या दिवशी त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या नऊ ओळी होत्या. फिट येऊ नये म्हणून कुठली, पोटासाठी कुठली, सकाळी किती, रात्री किती, सगळं नीट लिहिलेलं. त्याखाली, सहीच्या अगदी वर, दहावी ओळ इंग्रजीत होती. फिजिओथेरपी चालू ठेवा. कुठे, कोणाकडून, आठवड्यातून किती वेळा, किती महिने, याबद्दल एक अक्षर नाही. वहिनीने त्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "ताई, हे मेडिकलमध्ये मिळतं का?"

तिचा प्रश्न बरोबर होता. वरच्या नऊ ओळींतलं सगळं मेडिकलमध्ये मिळत होतं. दहाव्या ओळीतलं मिळेना, म्हणून गेली पावणेतीन वर्षं आम्ही ते शोधत फिरतो आहोत.

जानेवारी २०२३. उसाचा हंगाम ऐन भरात होता. माझा थोरला भाऊ तेव्हा ४१ वर्षांचा, कोरेगाव तालुक्यात त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. रात्री साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलवरून घरी येताना तो रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. १०८ वीस मिनिटांत आली. साताऱ्यात सीटी झाला, तिथून पुण्याला नेलं आणि रात्री दोनच्या आधी कवटी उघडून रक्ताची गाठ काढली गेली. मेंदूला सूज होती, म्हणून काढलेला हाडाचा तुकडा लगेच न बसवता त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. हे असं करतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केशरी कार्डावर ऑपरेशन झालं. त्या रात्री रस्त्यावर थांबलेल्या अनोळखी दुधवाल्यापासून ते सर्जनपर्यंत प्रत्येकाचे उपकार आम्ही जन्मभर मानू.

चोविसाव्या दिवशी त्याला घरी सोडलं. नाकात नळी, गळ्याला श्वासासाठी पाडलेलं छिद्र, लघवीची पिशवी. डोळे उघडे होते, पण आईकडे आणि भिंतीकडे तो सारखंच बघायचा. साडेनऊ ते दोन या साडेचार तासांत ज्या साखळीतला एकही दुवा निसटला नव्हता, ती साखळी रुग्णालयाच्या दारात संपली. पुढच्या रस्त्यावर कुणीच उभं नव्हतं.

हे एकट्या आमच्या घरचं असतं तर मी ते लिहिलं नसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. गेलेल्यांपैकी १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. मृतांमध्ये जवळजवळ निम्मे दुचाकीवरचे, आणि दुचाकीवरून पडलेल्याचं डोकं अनेकदा आपटतं. अहवालात मेलेल्यांचे रकाने तपशिलात आहेत: वय, वाहन, रस्ता, वेळ. जखमींची गंभीर आणि किरकोळ अशी वाटणी आहे. पण त्या सव्वाचार लाखांहून अधिक माणसांपैकी सहा महिन्यांनी कोण चालतो, कोण बोलतो, कोण कामावर परतला, हे विचारणारा रकाना नाही. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. तालुक्याच्या पातळीवर मला हे रोज दिसतं.

डोक्याला मार किती लागला हे सांगायला जगभरात ग्लासगो कोमा स्केल वापरतात. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ते मांडलं. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल या तिन्हींचे मिळून तीन ते पंधरा गुण. आठ किंवा कमी म्हणजे गंभीर. दादाचे साताऱ्यात सहा होते. मार्च संपता संपता ते पंधरा झाले. पंधरापैकी पंधरा! आम्ही गावात पेढे वाटले. दादा शुद्धीवर आलाय, एवढंच त्या गुणांना सांगायचं होतं. तो कोण होऊन शुद्धीवर आलाय, हे आम्हाला पुढे कळत गेलं.

पहिले तीन महिने वहिनीचे होते, असंच मी म्हणेन. भात-वरण मिक्सरमधून पातळ करून, गाळून, मोठ्या सिरिंजने नळीतून हळूहळू सोडायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, मोबाइलला गजर लावून. माकडहाडावर लाल चट्टा दिसला की धडकी भरायची. गळ्यातली नळी साफ करायला तिला एका नर्सताईंनी रुग्णालयात दोनदा दाखवलं होतं, तेवढीच शिदोरी. साताऱ्याहून फिजिओवाले सर यायचे, एका वेळचे चारशे रुपये. ते आले तेव्हा दादाचा उजवा घोटा आखडून पाऊल खाली लोंबायला लागलं होतं. ऑपरेशननंतर पहिल्याच आठवड्यापासून पाय हलवत राहिला असता, पाऊल काटकोनात राहील अशी पट्टी बांधली असती, तर एवढं आखडलं नसतं, हे त्यांनी समजावलं. दुखापतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मेंदू सगळ्यात वेगाने सावरतो, सुधारणा पुढे वर्ष-दोन वर्षं आणि त्यानंतरही होत राहते. ते मोलाचे सहा महिने आम्ही काय करायचं हे शोधण्यात घालवले. आठवड्यातून सहा दिवस येणारे सर मे महिन्यात तीन दिवसांवर आले, जूनमध्ये बंद झाले. तोवर दुकानातलं वेल्डिंग मशीन विकून झालं होतं.

जुलैत दादा काठी घेऊन चालायला लागला. बोलणंही वाढलं, पण शब्द हरवले होते. पाणी हवं असलं तरी 'पाना' म्हणायचा, धाकट्या पुतणीला हाक मारतानाही 'पाना'. आयुष्यभर हातात धरलेली वस्तू तेवढी जिभेवर उरली होती. समोरचा समजून घेत नाही म्हटल्यावर चिडायचा. एकदा आईच्या अंगावर ताट भिरकावलं. ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नव्हता त्याचं हे बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, बघून घ्या एकदा. आम्ही बघूनही आलो. दोन अमावास्या आणि साडेतीन हजार रुपये गेले. मला त्या काकूंचा राग येत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला लगाम घालतो, कामाचा क्रम लावतो, थांबायचं कुठे ते सांगतो. तो भाग दुखावला की माणसाचा स्वभावच बदलतो, हे आम्हाला पांढऱ्या कोटातल्या कुणीच सांगितलेलं नव्हतं. जिथे डॉक्टर गप्प राहतो तिथे देवऋषी बोलतो.

सप्टेंबरात तपासणीसाठी पुण्याला गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टर म्हणाले, "यांना ओटी सुरू करा." वहिनीचा चेहरा उतरला. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, एवढंच आम्हाला ठाऊक. आता पुन्हा काय उघडणार? बाहेर येऊन तिने दोन माणसांना विचारलं तेव्हा कळलं, ही ओटी वेगळी. ऑक्युपेशनल थेरपी. रोजची कामं माणसाला परत शिकवणारी.

आमच्या तालुक्यात ती आम्हाला सापडली नाही. शेवटी मुंबईत, महापालिकेच्या एका रुग्णालयात. घाटकोपरला मावसबहिणीच्या एका खोलीत आधीच पाच माणसं, त्यात आम्ही तिघं, सहा आठवडे. पहिल्याच दिवशी थेरपिस्ट मुलीने दादाला एका छोट्या ओट्यापाशी उभं केलं आणि सांगितलं, काका, दोन कप चहा करा. मी दारात उभी राहून बघत होते. दादाने पातेलं उचललं, पाणी घेतलं, बरोबर दोन कप मोजून. साखर घातली. चहापूड घातली. पुन्हा साखर घातली. मग हाताची घडी घालून पातेल्याकडे बघत उभा राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. गॅस पेटवलेलाच नव्हता. ती मुलगी बोलली नाही, घड्याळाकडे बघत राहिली. चौथ्या मिनिटाला तिने हळूच विचारलं, काका, काय राहिलं? दादा म्हणाला, "दूध." आणि थंड पाण्यात दूध ओतलं.

मग तिने त्याचे डोळे मिटायला लावून नाकाखाली लवंग धरली, मग साबण, मग कॉफी. एकाचाही वास त्याला आला नाही. डोकं जोरात आदळलं की वासाचे नाजूक तंतू कवटीच्या तळाशी तुटतात, असं ती म्हणाली. नऊ महिने तो घरात वासाशिवाय वावरत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. वहिनी शेतात गेली की तो एकटा असायचा. सिलिंडर चालू राहिला असता तर? त्या दुपारी रुग्णालयाच्या जिन्यात बसून आम्ही दोघी कितीतरी वेळ काहीच बोललो नाही.

सहा आठवड्यांत त्या मुलीने दादाला चहा शिकवला. एका पुठ्ठ्यावर सहा फोटो, क्रमाने. पहिला फोटो गॅस पेटवल्याचा. एक पायरी झाली की त्यावर बाटलीचं झाकण ठेवायचं. तिच्या कपाटात नट-बोल्टचा डबा होता; दादाने तो बघितल्यावर पहिल्यांदा आपणहून हात पुढे केला. बोलण्यासाठी त्याच मजल्यावर स्पीच थेरपी होती, तिथे 'पाना' आणि 'पाणी' वेगळे झाले. या सगळ्याला लागलं काय? एक खोली, एक गॅस, पुठ्ठा, झाकणं आणि काय करायचं ते जाणणारा एक माणूस, रोज पाऊण तास. ज्या गोष्टीसाठी आम्ही अडीचशे किलोमीटर ओलांडून आलो ती कोरेगावच्या ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यातही होऊ शकते.

या विद्येची गंमत बघा. देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली निघाली, ती सुरू केली कमला निंबकरांनी. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या सून होऊन महाराष्ट्राच्या झालेल्या बाई. आमच्या शेजारच्या फलटणमध्ये त्यांच्या नावाची नामवंत शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. म्हणजे बाईंचं नाव आमच्यापासून एका तालुक्याच्या अंतरावर आणि त्यांची विद्या अजून मुंबईत. हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. वेल्लोरला डॉ. मेरी व्हर्गीस यांनी स्वतः अपघातात कमरेखालची शक्ती गमावल्यावर व्हीलचेअरवरून पुनर्वसनाचा विभाग उभा केला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूच्या पुनर्वसनाचा वेगळा विभाग आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत विद्या आली, रुजली, नावाजली. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, एवढ्या अंतरावर मात्र ती आली नाही.

आता पैशांबद्दल. दुकानाच्या कर्जासोबत बँकेने दादाला एक आरोग्य पॉलिसी घ्यायला लावली होती. फिजिओची बिलं पाठवली, ती परत आली. मग मी पॉलिसीचा बारीक टाइप वाचला. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी वगळायच्या गोष्टींचे ठरावीक संकेतांक नेमले आहेत, त्यात पाचवा असा: विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती शुश्रूषा. अंघोळ घालणं, कपडे घालणं, चालवणं यासाठी घरी किंवा संस्थेत घेतलेली मदतही त्याच कलमात बसते. म्हणजे कवटी उघडायला विमा आहे आणि त्यानंतर माणसाला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं असेल तर नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली: दीड लाखापर्यंत, सात दिवस. मी तिचं मनापासून स्वागत करते, तिने जीव वाचतील. पण सातव्या दिवशी दादाने डोळेही उघडले नव्हते.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा दिवस मला विसरता येत नाही. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. मेंदूला झालेली इजा या नावाचा प्रकार त्यांत नाही. अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्याने १९९० मध्येच तो स्वतंत्र धरला. आपल्याकडे हात-पाय लुळे असतील तर त्यांचा रकाना आहे. वाचा गेली असेल तर आहे; कायद्यात अफेझियाचा उल्लेख आहे. दादाचं दोन्ही थोडं थोडं सुधारलेलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला हात वर करायला लावले, चालायला लावलं, नाव-गाव विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं. लाभासाठी चाळीस टक्के लागतात. त्याचे सोळा भरले. वहिनी सांगू पाहत होती की हे सकाळी जेवलेलं दुपारी विसरतात, पैसे मोजता येत नाहीत, सांगितल्याशिवाय जागचे उठत नाहीत. रांग लांब होती. "चांगले तर दिसतात," असं म्हणून पुढचं नाव पुकारलं गेलं. नंतर एका कार्यकर्त्याने वाट दाखवली. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि विचार येतात, तिकडून अर्ज करा. केला, मानसशास्त्रीय चाचण्या झाल्या, दाखला मिळाला. त्यासाठी आईला पदरी 'मानसिक' हा शब्द घ्यावा लागला. आमच्या गावात त्याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. घरात लग्नाची एक मुलगी आहे.

न्यायालयांनी मात्र या बाबतीत दिव्यांग कार्यालयांपेक्षा पुढचं पाहिलं आहे, आणि हे वाचकांनी ध्यानात ठेवावं, कारण अशी वेळ कुणावरही येते. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या नुकसानीची टक्केवारी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. एकच हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आणि तसाच कारकून, दोघांचं नुकसान सारखं नसतं. दादाच्या दोन्ही हातांची बोटं शाबूत आहेत, पण कामाचा क्रम लागत नाही. वेल्डरला ते हात गेल्यासारखंच. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने हरियाणातल्या एका मुलीची भरपाई बासष्ट लाखांवर नेली. अपघातात मेंदूला मार बसला तेव्हा ती बारा वर्षांची होती. दिवस-रात्र मिळून तिला दोन मदतनीस लागतील, आणि त्यांचा पगार आयुष्यभराच्या हिशेबाने द्यायचा, हे त्या निकालात आहे. आमच्या वकिलांनी हा निकाल दाखवला तेव्हा वहिनी म्हणाली, म्हणजे मी दोन माणसांचं काम करते. तिने ते कौतुकाने नाही, नुसतं मोजून सांगितलं. दावा सहा महिन्यांत दाखल करा, ही मुदत मात्र २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली आहे. त्या सहा महिन्यांत आमचं घर माणसाला कुशीवर वळवण्यात गुंतलेलं होतं.

मुंबईच्या त्या विभागाबाहेरच्या बाकावर जालन्याकडची एक बाई भेटायची. तिशीतली, स्कूटीवरून पडलेली, सोबत तिची म्हातारी आई. नवरा पहिले दोन महिने आला, मग माहेरी सोडून गेला. त्या बाकावर जखमी बहुतेक पुरुष आणि सोबत बहुतेक बायका. जखमी बाई असली की सोबत आई किंवा बहीण. नवरे मी दोनच पाहिले. पुनर्वसनाची व्यवस्था आपल्याकडे नाही असं म्हणतात. व्यवस्था आहे, तिला पगार नाही, प्रशिक्षण नाही आणि तिचा उजवा खांदा दुखतो.

म्हणूनच 'घरच्यांना शिकवा म्हणजे झालं' हा उपाय ऐकला की मी अस्वस्थ होते. तो स्वस्त आहे म्हणून धोरणकर्त्यांना आवडतो. पक्षाघाताच्या बाबतीत भारतात हे तपासूनही झालं आहे. १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवरचा 'अटेंड' हा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. कुटुंबीयांना शिकवून घरी पाठवल्याने सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन कमी झालं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मेंदूचा मार आणि पक्षाघात एक नव्हेत, पण वहिनीच्या खांद्यावर आणखी एक वही ठेवून प्रश्न सुटणार नाही, एवढं त्यातून नक्की समजतं. मला महाराष्ट्रातलाच दुसरा धडा आठवतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि बालमृत्यू खाली आणले. ते बाळाच्या आईवर ढकललेलं काम नव्हतं. घराबाहेरून येणारी, शिकलेली, मानधन घेणारी, जिच्यावर कुणाची देखरेख आहे अशी बाई ठरलेल्या दिवशी दारात यायची. डोक्याला मार लागलेल्यांसाठी तसंच का नाही? ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला वार, जिल्ह्यावरून येणारे फिजिओ आणि ओटी, मधल्या दिवसांत घरी येणारी तयार केलेली कार्यकर्ती, अडलं तर मुंबईच्या त्या मुलीला व्हिडिओ कॉल. आणि डिस्चार्ज कार्डावर दहाव्या ओळीत ठिकाण, वार आणि फोन नंबर. विमानतळाएवढा खर्च नाही हा.

दादा आता सकाळचा चहा करतो. पुठ्ठा अजून ओट्यामागे लावलेला आहे, कडा तेलकट झाल्यात. स्वयंपाकघरात गॅसगळतीचा भोंगा बसवला आहे. वहिनीने शिलाई मशीन पुन्हा बाहेर काढलं, पण खांद्यामुळे तासाभराच्या वर बसवत नाही. फिजिओवाले सर आता तिच्यासाठी येतात, पंधरा दिवसांतून एकदा. दुकान पुतण्या चालवतो. दसऱ्यापासून तिथे ट्रॉल्यांची रांग लागली आहे, कुणाचा हुक जोडायचा, कुणाची फळी बदलायची. दिवाळी झाली की कारखान्यांची धुराडी पेटतील. पुतण्याने यंदा लाल रिफ्लेक्टरच्या पट्टीचे रोल आणून ठेवले आहेत, दुरुस्तीला आलेली ट्रॉली पट्टी लावल्याशिवाय सोडत नाही. ते काम दादाचं. तो चवड्यांवर बसतो, फडक्याने पत्रा पुसतो, पट्टी वीत मोजून कापतो, अंगठ्याने दाबत जातो. डाव्या कडेला एक, उजव्या कडेला एक, मग थांबतो. अपघाताची ती रात्र त्याला आठवत नाही, त्याआधीचा आठवडाही नाही. पुतण्या आतून हाक मारतो, "काका, मागची फळी राहिली."

"हां, मागची," दादा म्हणतो, आणि रोल घेऊन मागे जातो.